मिठू चावायला लागतो तेव्हा

दोन-अडीच वर्षं खांद्यावर बसून पेरूची फोड कुरतडणारा पोपट एके दिवशी त्याच माणसाच्या बोटाला कडकडून चावतो आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, ‘अचानक’. मग कारणं शोधली जातात. कुणी म्हणतं पाहुण्यांच्या मुलांनी चिडवलं असेल, कुणी म्हणतं मिरच्या फार घालता तुम्ही, कुणी म्हणतं पोपटाची जातच बेइमान. चार-सहा चावे झाले की मुलांना पिंजऱ्याजवळ जायची बंदी होते, दाणा-पाणी लांबूनच सरकवलं जातं आणि घरातला लाडका पक्षी गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. बिघाड पक्ष्यात झाला आहे, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. पाळीव पोपटाचा आक्रमकपणा सहसा अचानक येत नाही आणि तो त्याच्या स्वभावातला दोषही नसतो. तो ज्या परिस्थितीत राहतो तिला त्याने दिलेलं ते उत्तर असतं. दुखणं, प्रकाश, जागा, स्पर्श, खाणं, एकटेपण आणि त्याच्या आधीच्या इशाऱ्यांकडे झालेलं दुर्लक्ष यांतून ही परिस्थिती तयार होते, आणि यातलं जवळजवळ सगळं माणसाच्या हातात असतं. म्हणून पोपटाला वठणीवर आणण्याच्या खटपटीत हाती काही लागत नाही. त्याचा दिवस कसा जातो ते बदललं, तर बरंच काही बदलतं.

आधी पक्षी नेमका कोण आहे ते पाहू. कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षं राहिला आहे. जो अंगावर येतो त्याची वीण थांबवायची आणि जो जुळवून घेतो त्याची वाढवायची, असं पिढ्यान्‌पिढ्या घडत आलं. पोपटाच्या वाट्याला हे आलेलं नाही. महाराष्ट्रात घरोघरी दिसणारा, नराच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ असणारा हिरवा कीर पोपट बहुतेक वेळा ढोलीतून पिल्लू असतानाच काढून विकलेला रानपक्षी असतो. खांद्यावर तांबडा पट्टा असलेल्या थोराड पहाडी पोपटाचीही तीच कथा. परदेशी जातींपैकी बजरीगर १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून त्याची पिंजऱ्यात पैदास होत आली. पण आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा हे रानापासून थोड्याच पिढ्या दूर आहेत. चमच्याने भरवून वाढवलेलं पिल्लू माणसाला घाबरत नाही हे खरं, परंतु त्याच्या शरीरातलं घड्याळ, त्याची सावधगिरी, ढोलीची ओढ, जोडीदारासाठी भांडण्याची तयारी हे सगळं रानातलंच राहतं. पिल्लूपणी त्यातलं काही दिसत नाही. वयात आल्यावर दिसतं. कीर पोपटाच्या नराला कंठ उमटायला साधारण दीड ते तीन वर्षं लागतात. घराघरांतून ‘हल्ली फार चावतो’ ही तक्रार येते ती नेमकी या वयाच्या आसपास, आणि हा योगायोग नाही.

चोचीबद्दलही आपला एक गैरसमज असतो. चोच टेकली म्हणजे चावा, असं आपण धरून चालतो. पोपटाची चोच हे त्याचं हात, पाय आणि हत्यार असं तिन्ही आहे. वरची चोचसुद्धा कवटीपासून स्वतंत्र हलते, आत जाड मांसल जीभ असते, आणि या दोहोंच्या मदतीने तो भुईमुगाच्या शेंगेतला दाणा अलगद काढतो. उभा चढ चढताना पोपट चोचीचा उपयोग तिसऱ्या पायासारखा करतात आणि शरीराचा भार खरोखरच तिच्यावर तोलतात, हे लव्हबर्डवर झालेल्या संशोधनातून २०२२ मध्ये मोजून दाखवलं गेलं. आता घरातला प्रसंग जवळून पाहा. माणूस बोट पुढे करतो. पोपट पाय टाकण्याआधी मान वाकवून चोच बोटाला लावतो, थोडीशी दाबतो. ही फांदी भार पेलेल का, एवढंच तो तपासत असतो. माणसाला वाटतं चावला, आणि हात झटकन मागे जातो. अर्धा पाय टाकलेला पक्षी तोल जाऊन पंख फडफडवत सावरतो. दोन-तीनदा असं झालं की त्याच्या लेखी ते बोट भरवशाचं राहत नाही. पुढच्या वेळी तो घट्ट धरतो किंवा बोट जवळच येऊ देत नाही. चावरेपणाचा पहिला धडा कित्येक घरांत असा, कुणाच्याही मनात वाईट काही नसताना दिला जातो.

खरा चावा येण्याआधी पोपटाचं शरीर बरंच काही सांगत असतं, आणि ते सगळं दोन-चार सेकंदांत घडतं. आधी तो थबकतो. चघळणं, पुटपुटणं, पिसं साफ करणं थांबतं. मग डोळ्यांत बदल दिसतो. मोठ्या कीर पोपटाच्या बुबुळाभोवतीचं वर्तुळ फिकट असतं, त्यामुळे मधली काळी बाहुली भराभर बारीक-मोठी होताना लांबूनही कळते. मानेमागची पिसं उभी राहतात, खांदे अंगापासून थोडे सुटतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, अंग दांडीवर खाली दबतं आणि चोच किंचित उघडते. काही पक्षी याच्या उलट करतात. सगळी पिसं अंगाशी घट्ट आवळून, बारीक होऊन मागे झुकतात. पहिला राग, दुसरं भय. यांतलं एखादं चिन्ह एकटं दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नये, कारण आनंदाच्या भरातही बाहुली नाचते. पण तीन-चार चिन्हं एकत्र आली की अर्थ सरळ असतो : मागे हो. थव्यात एवढं पुरतं. समोरचा पोपट बाजूला सरकतो किंवा हा स्वतः उडून जातो, आणि चोचीची गरज क्वचितच पडते. घरात माणसाला ही चिन्हं वाचता येत नाहीत, आणि उडून जायला जागा नसते. मग पोपटाकडे एकच उपाय उरतो.

हा उपाय पक्का कसा होतो, हे मानसशास्त्राला बऱ्याच काळापासून माहीत आहे. वागण्याचा परिणाम सोयीचा निघाला तर ते वागणं वाढतं, हा नियम बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये प्रयोगांच्या आधाराने सविस्तर मांडला. पोपटांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन फ्रीडमन यांनी हाच नियम पाळीव पक्ष्यांच्या मालकांपर्यंत नेला. त्यांची पद्धत साधी आहे. ‘पोपट रागीट आहे’ हे वाक्य बाजूला ठेवायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या : चाव्याच्या अगदी आधी काय झालं, त्याने नेमकं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. असं लिहून काढलं की चित्र स्वच्छ होतं. हात पिंजऱ्यात गेला, पोपट थबकला, हात पुढेच येत राहिला, पोपट चावला, हात बाहेर गेला. पोपटाने यातून काढलेला निष्कर्ष तर्काला धरून आहे : थबकून उपयोग नाही, चावून उपयोग आहे. असं पुन्हा पुन्हा घडलं की तो मधल्या पायऱ्या गाळतो आणि थेट चावतो. घरातल्यांना हे अचानक वाटतं. प्रत्यक्षात आधीचे इशारे निरुपयोगी आहेत, हे त्याला आपणच शिकवलेलं असतं.

दुसरं मोठं कारण प्रकाशाचं. १९२० च्या दशकात कॅनडातल्या एडमंटन इथे विल्यम रोवन यांनी भर थंडीत जंको या छोट्या पक्ष्यांना बाहेरच्या पिंजऱ्यात ठेवून रोज थोडा थोडा जास्त वेळ विजेचा उजेड दिला. बाहेर बर्फ असतानाही त्या पक्ष्यांच्या जननग्रंथी विणीच्या हंगामात वाढतात तशा वाढल्या. पुढे झाक बेन्वा यांनी फ्रान्समध्ये बदकांवर काम करून दाखवलं की प्रकाशाची ही जाणीव फक्त डोळ्यांवर अवलंबून नाही, पक्ष्याच्या मेंदूच्या आतल्या भागापर्यंतही उजेड पोहोचतो. आता आपल्याकडचा दिवस पाहा. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीला दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, जूनच्या अखेरीला सुमारे सव्वातेरा तासांचा. कीर पोपटाची वीण प्रामुख्याने जानेवारीनंतर, दिवस वाढू लागताना सुरू होते. दिवाणखान्यातल्या पोपटाचा दिवस मात्र सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्रीच्या मालिका, बातम्या, मोबाइल संपेपर्यंत, म्हणजे अकरा-साडेअकराला संपतो. सतरा तासांचा दिवस कीर पोपटाच्या मुलखात कुठल्याच ऋतूत नसतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत पक्षी पाऊस आणि अन्नाच्या सुबत्तेवरूनही हंगाम ओळखतात, त्यामुळे सगळा भार प्रकाशावर टाकता येणार नाही. पण पिंजऱ्यातल्या पोपटाला अन्नाची सुबत्ताही बारा महिने असते. म्हणजे दोन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात, आणि त्याच्या शरीराला वाटतं की वीण सुरू करायची वेळ झाली आहे. ही वेळ मग टळतच नाही.

या जोडीला आपण नकळत आणखी बरंच काही पुरवतो. कोपऱ्यात टांगलेली करवंटी, मडकं, पुठ्ठ्याचं खोकं, कपाटामागची फट, सोफ्याखालचा अंधार ही सगळी पोपटाच्या नजरेला ढोली असते, आणि ढोली मिळाली की तिचं रक्षण करणं आलंच. पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवणं, पंखांखाली बोटं घालून कुरवाळणं हे आपल्या दृष्टीने लाड. पोपटांत असा स्पर्श जोडीदाराचा असतो. तोंडातला घास भरवणं, ऊन ऊन वरण-भात किंवा दूध-पोळी हाताने चारणं हेही नर मादीला भरवतो त्याच्या जवळ जाणारं. अशा वेळी पोपट घरातल्या एका माणसाला जोडीदार मानतो. त्याच्यासमोर मान खाली-वर करत घास उलटून काढतो आणि त्या माणसाजवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. कधी तर जोडीदारालाच चावतो, कारण परका जवळ आला असताना हा हलत का नाही, ही त्याची तगमग असते. कीर पोपटांत विणीच्या हंगामाबाहेर मादीच नरावर वरचढ असते, त्यामुळे कंठ नसलेला पक्षी गरीब असणार या समजालाही आधार नाही. एकट्या पाळलेल्या मादीने नर नसताना अंडं घालणं ही तर पक्षिवैद्यांना नेहमी दिसणारी गोष्ट आहे.

पण सगळं वयावर आणि हंगामावर ढकलण्याआधी दुखणं तपासायला हवं, आणि क्रमाने ते पहिलंच हवं. शिकार होणारे पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. हाताळल्यावर दुखतं म्हणून चावणारा पोपट वरवर पाहता ठणठणीत दिसू शकतो. अडकलेलं अंडं, यकृताचा विकार, पायाची सूज, पिसं गळून नवी फुटताना रक्ताने भरलेले दुखरे कोंब, ही सगळी कारणं स्वभाव बदलल्यासारखी दिसतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या स्वस्त पिंजऱ्याच्या तारा चावून चावून जस्ताची विषबाधा होते, जुन्या रंगातून शिसं पोटात जातं. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि डाळीवर वाढलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. मिरचीला मात्र दोष देऊ नये. तिचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना जाणवतो तसा पक्ष्यांना जाणवत नाही. घरच्या घरी करण्यासारखी एक चांगली तपासणी आहे. स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर एक दांडी ठेवून रोज सकाळी खाण्याआधी वजन घ्यावं. कीर पोपट साधारण १२० ग्रॅमच्या आसपास असतो. त्यात दहा ग्रॅमची घट म्हणजे साठ किलोच्या माणसात पाच किलोची घट. वजन उतरतं आहे, विष्ठेचा रंग बदलला आहे, पक्षी दिवसा पिसं फुगवून झोपतो आहे, असं काही दिसलं तर वर्तनाचे उपाय थांबवून पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावं. पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा फुफ्फुसाचा आजारही असतो. म्हणून पक्षी आजारी असेल आणि घरात कुणाला ताप-खोकला असेल, तर आपल्या डॉक्टरांना पोपटाबद्दल जरूर सांगावं. चाव्याची जखम साबण-पाण्याने भरपूर धुवावी, खोल असेल तर दाखवावी.

तिसरं कारण सगळ्यांत कमी बोललं जातं, ते म्हणजे रिकामा दिवस. रानातले अमेझॉन पोपट दिवसाचे चार ते सहा तास खाणं शोधण्यात घालवतात. पिंजऱ्यात वाटीत पडलेला तयार खुराक तासाभरात संपतो. उरलेल्या वेळाचं काय होतं हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत शेरिल मीहान आणि जॉय मेंच यांनी तरुण अमेझॉन पोपटांवर तपासलं. ज्यांना खाणं शोधून, सोडवून काढावं लागे आणि चढायला-कुरतडायला साधनं होती त्यांनी स्वतःची पिसं उपटणं कमी केलं. जे जोडीने राहत होते त्यांच्यात त्याच त्या हालचाली करत राहण्याची विकृती वाढली नाही, आणि जोडीने राहिल्यामुळे माणसाशी त्यांचं नातंही तुटलं नाही. २०२१ मध्ये ब्रिस्टल आणि ग्वेल्फ विद्यापीठांतल्या संशोधकांनी पोपटांच्या कितीतरी जातींची तुलना केली. ज्या जातींचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा त्यांच्यात कैदेतल्या विकृत हालचाली जास्त, आणि ज्यांचं रानातलं खाणं फोडायला-सोलायला कष्टाचं त्यांच्यात पिसं कुरतडणं जास्त, असं त्यांना आढळलं. आफ्रिकन ग्रे जातीच्या ॲलेक्स या पोपटाने १९७७ ते २००७ अशी तीस वर्षं आयरीन पेपरबर्ग यांच्याकडे रंग, आकार, संख्या ओळखून दाखवल्या. या बुद्धीचं आपल्याला कौतुक वाटतं. त्याच बुद्धीला दोन फुटांच्या पिंजऱ्यात दिवसाचे बारा तास काहीच काम नसेल, तर तिचं काय होत असेल हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही. हे प्रयोग थेट चाव्यांवरचे नाहीत. पण वैताग, भीती आणि ओरडा यांनी भरलेल्या दिवसाच्या शेवटी आलेल्या हाताचं स्वागत प्रेमाने होईल, ही अपेक्षा अवाजवी आहे.

कारणं अशी असतील तर उपाय त्यांच्यातूनच निघतात. पहिले दोन आठवडे पोपटाला हात न लावता वही ठेवावी : चावा कुठे, किती वाजता, कुणाला, आधी काय, नंतर काय. सलग दहा-बारा तास खरा अंधार आणि शांतता द्यावी. दूरदर्शन चालू ठेवून पिंजऱ्यावर चादर टाकल्याने झोप मिळत नाही, त्याला दुसऱ्या खोलीतच न्यावं. ढोलीसारखं दिसणारं सगळं आणि आरसाही काढून टाकावा. स्पर्श डोकं आणि मान एवढ्यापुरताच ठेवावा. बदाम, सूर्यफूल, गोड फळं, मऊ ऊन घास कमी करून गोळीखाद्य, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांच्याकडे हळूहळू वळवावं. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट कधीच नको, ती विषारी आहेत. खाणं कागदाच्या पुडीत, मक्याच्या सालीत, कडुनिंबाच्या डहाळीत लपवावं म्हणजे त्याचा दिवस कामात जाईल. हातावर घेणं नव्याने, दांडीपासून शिकवावं. बारीक काडीचं टोक दाखवायचं, त्याने चोच लावली की भुईमुगाचा तुकडा द्यायचा, मग काडीमागे दोन पावलं, मग दांडीवर पाय, आणि बऱ्याच दिवसांनी हातावर. त्याची बाहुली नाचू लागली, मान ताठ झाली की आपण थांबायचं. चावलाच तर ओरडायचं नाही, झटकायचं नाही. हात शांतपणे जवळच्या स्थिर जागी टेकवून त्याला उतरवायचं. दिवाळीचे दिवस यासाठी विशेष जपण्याचे असतात. साफसफाईत पिंजऱ्याची जागा बदलते, रंगाचा वास येतो, पाहुणे येतात, फटाके वाजतात, दिवे उशिरापर्यंत जळतात. बाहेरच्या आवाजाने भेदरलेला पोपट जवळच्या हाताला चावतो, तो राग त्या हातावरचा नसतो. या दिवसांत त्याला आतल्या खोलीत, मंद दिव्यात, ओळखीच्या माणसाजवळ ठेवावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : जुन्या घरांतून मिठू वीस-वीस वर्षं असायचे, त्यांना कुणी असले सोपस्कार केले? आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे भाग पाडून पाहू. जुन्या घरांत सोप्यावर, परसात टांगलेल्या पिंजऱ्याला सूर्य मावळला की अंधार व्हायचा, भोवती दिवसभर माणसांचा आणि पाखरांचा वावर असायचा. म्हणजे आज मुद्दाम करावं लागतं त्यातलं काही तेव्हा आपोआप होत असे. त्याशिवाय त्या पोपटांना हातावर घेण्याची रीतच फारशी नव्हती. पिंजऱ्यात हात जात नसे, त्यामुळे चाव्याचा प्रश्नही येत नसे. आणि आठवणीत राहतात ते वीस वर्षं जगलेले पोपट, पहिल्या पावसाळ्यात मेलेली पिल्लं राहत नाहीत. शांत दिसणारा पक्षी सुखी होता, याची खात्री आपल्याला त्या आठवणींतून मिळत नाही. काही करून उपयोग नाही हे पटलेला प्राणीही शांतच बसतो.

दुसरा आक्षेप शिस्तीचा : असे लाड केले तर तो डोक्यावर बसेल, त्याला कुठेतरी धाक हवा. पोपटाला डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली ठेवा म्हणजे घरात वरचढ कोण ते त्याला कळेल, हा सल्ला याच विचारातून आला आणि आजही दिला जातो. पोपटांच्या थव्यात असा एकच कायमचा म्होरक्या असतो आणि त्याच्या आज्ञेत सगळे चालतात, याला पुरावा नाही. चोचीवर टिचकी मारणं, पाण्याचा फवारा, पिंजऱ्यावर थाप यांनी चावा त्या क्षणी थांबतो, म्हणून उपाय लागू पडला असं वाटतं. पोपट मात्र एवढंच शिकतो की हात आला की दुखतं. मग तो आणखी आधी आणि आणखी जोरात चावतो. इशारा मिळताच मागे सरकणं म्हणजे शरण जाणं नव्हे. बारीक खुणेने काम होतं हे कळलं की त्याला मोठी खूण वापरावी लागत नाही. धाकाने मिळते ती शांतता कायम भीतीवर उभी असते. समजुतीने मिळालेली शांतता रोजच्या सवयीवर टिकते, आणि तिला राखायला कमी कष्ट पडतात.

तिसरा आक्षेप झटपट उपायांचा. पंख छाटले तर नरमतो, असं सांगितलं जातं. छाटलेल्या पंखांनी पोपट नरम होत नाही, अडकतो. पळून जाण्याची वाट बंद झालेल्या प्राण्याकडे लढणं तेवढं उरतं, आणि पडून छातीचं हाड दुखावण्याचा धोका वेगळाच. जोडीदार आणावा का? एकटेपण खरं आहे, पण चिडलेल्या पक्ष्याच्या पिंजऱ्यात अनोळखी पक्षी सोडला तर रक्तपात होऊ शकतो. विणीचा उन्माद उतरलेला असावा, नव्या पक्ष्याचा आजार तपासलेला असावा, पिंजरे बरेच दिवस वेगळे असावेत, तरच तो विचार करावा. ल्युप्रोलाइड, डेस्लोरेलिन यांसारखी संप्रेरकं रोखणारी औषधं पक्षिवैद्य वापरतात, विशेषतः वारंवार अंडी घालणाऱ्या माद्यांत. ती उपयोगी आहेत. मात्र दिवस सतरा तासांचा ठेवून इंजेक्शन देत राहिलं तर कारण जागच्या जागी राहतं. आणि इथे एक मर्यादा मान्य करायला हवी. सगळं नीट करूनही काही पोपट हातावर पुन्हा बसत नाहीत. हातावर न बसणारा पण न घाबरणारा, खाणारा, खेळणारा, दांडीवरून बोलणारा पोपट हे अपयश मानायचं कारण नाही. हातावर बसणं ही आपली हौस होती, त्याची गरज कधीच नव्हती.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे : एवढं करण्यापेक्षा त्याला मोकळं का सोडू नये? कीर, पहाडी आणि आपले इतर देशी पोपट पाळणं, विकणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. १९७२ च्या या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि हे पोपट तिच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. देशी पक्ष्यांचा व्यापार तर १९९०-९१ पासूनच बंद आहे. म्हणजे प्रश्न बरोबर आहे, पण खिडकी उघडणं हे त्याचं उत्तर नाही. पिल्लूपणापासून वाटीत खाल्लेल्या पोपटाला खाणं शोधता येत नाही, घारीला आणि मांजराला ओळखता येत नाही, छातीचे स्नायू उडायला पुरत नाहीत. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवून त्याला वन्यजीव उपचार केंद्राच्या हाती देणं हा मार्ग आहे. तिथे तपासणी, उडण्याचा सराव आणि शक्य असेल तर थव्यात परत सोडणं होऊ शकतं. परदेशी पोपटांचं गणित वेगळं. आफ्रिकन ग्रे जानेवारी २०१७ पासून धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. अशा यादीतल्या जातींची नोंदणी परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते. त्यांना इथल्या रानात सोडणं क्रूर आहे आणि आपल्या पक्ष्यांसाठी घातकही. तो पक्षी घरात आहे तोवर त्याची जबाबदारी आपली, आणि ही जबाबदारी चार-पाच वर्षांची नाही. कीर पोपट पिंजऱ्यात पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो, ग्रे त्याहूनही जास्त.

म्हणून चावऱ्या पोपटाच्या घरात दोन निर्णय घ्यायचे असतात. पहिला आजचा : त्याला शिक्षा थांबवायची, वैद्याला दाखवायचं, रात्र रात्रीसारखी करायची, दिवसाला काम द्यायचं आणि त्याच्या पहिल्या इशाऱ्याला मान द्यायचा. यात महिने जातात, मध्येच चावे वाढल्यासारखेही वाटतात, कारण जुना उपाय चालत नाही म्हटल्यावर प्राणी तो आधी जोर लावून करून पाहतो. तेव्हा डगमगायचं नाही. दुसरा निर्णय पुढचा. या सगळ्या कारणांची मुळं शोधत गेलं की आपण त्याच ढोलीपाशी पोहोचतो जिथून डोळे न उघडलेलं पिल्लू काढून आणलेलं असतं. विकत घेणारा आहे म्हणून ढोली फोडणारा आहे. बाजारात पिशवीत चिवचिवणारं पिल्लू पाहून दया येते आणि आपण ते वाचवतो असं वाटतं. आपण दिलेल्या पैशाने मात्र पुढच्या हंगामातलं पिल्लू ठरतं. घरातल्या पोपटाचा राग समजून घेणं हे त्याचं आपल्यावरचं ऋण आहे, आणि ते फेडायचं तर दुसरा पोपट विकत आणायचा नाही, एवढी गोष्ट त्याच घराने ठरवायला हवी.